गोळीवरचा लेप: ॲस्पिरिन अख्खी गिळायची कधी आणि चावायची कधी

गेल्या पावसाळ्यात एक काका दुकानात आले आणि खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी काउंटरवर उघडली. आत इकोस्प्रिन १५०च्या, म्हणजे दीडशे मिलिग्रॅम ॲस्पिरिनच्या गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे. "डॉक्टरांनी पॉवर कमी केली. पंच्याहत्तरची घ्या म्हणाले," काका सांगायला लागले. "घरात दीडशेच्या तीन पट्ट्या पडल्यात, त्या काय टाकून द्यायच्या? हिने सुरीने निम्म्या करून दिल्या. पण चार दिवस झाले, पोटात नुसती आग आग होतेय."

हिशेबात चूक काहीच नव्हती. दीडशेचं निम्मं पंच्याहत्तरच. मी एक तुकडा उचलून उजेडात धरला. कापलेली बाजू खडूसारखी पांढरी, भुसभुशीत. आणि कडेने एक अगदी पातळ, चकचकीत पापुद्रा, भिजवलेल्या हरभऱ्याच्या सालासारखा. "काका, हे साल मुद्दाम चढवलेलं असतं. ते कापलं की आतलं औषध पोटात पडल्या पडल्या सुटतं."

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून माझी वीसेक वर्षं गेली. या काळात रोज न चुकता खपणारी गोळी कुठली म्हणाल तर हीच. गिऱ्हाईक हिला नावाने क्वचितच ओळखतं. कुणी म्हणतं "रक्त पातळ करायची गोळी", कुणी "हार्टची ती बारीक गोळी", कुणी नुसतंच "इको द्या एक पट्टी". चौदा गोळ्यांची पट्टी कटिंग चहाच्या भावात मिळते, त्यामुळे हिला कुणी फारसं मनावर घेत नाही. त्या सालाबद्दल तर दोन टोकांचे समज आहेत. काहींना वाटतं ते नुसतं दिसायला आहे, तेव्हा मोडा, कुटा, चालेल. काहींना वाटतं ते आहे म्हणजे पोटाला कसलाच धोका नाही. पहिला समज पोटात आग पाडतो. दुसरा माणसाला बेसावध ठेवतो, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

लेप काय करतो

पट्टीवर बारीक अक्षरांत 'एन्टेरिक कोटेड' किंवा 'गॅस्ट्रो-रेझिस्टंट' असं छापलेलं असतं. ग्रीक भाषेत आतड्याला एन्टेरॉन म्हणतात. जठरात न विरघळता आतड्यात जाऊन विरघळणारा लेप, एवढाच त्याचा अर्थ.

हा लेप कसा चालतो ते घरी बघता येतं. फार्मसीच्या पोरांना कॉलेजात असला प्रयोग करून दाखवतात. दोन पेले घ्या. एकात थोड्या पाण्यात अख्खं लिंबू पिळा, दुसऱ्यात कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा. दोन्हींत लेपाची एकेक गोळी टाका आणि आपल्या कामाला लागा. तासाभराने या. लिंबाच्या पाण्यातली गोळी जशी टाकली तशी तळाशी बसलेली असते, गुळगुळीत. सोड्याच्या पाण्यातल्या गोळीचं साल सैल पडून फाटायला लागलेलं असतं आणि पांढरा भुगा बाहेर येतो. (प्रयोग झाला की दोन्ही पेले मोरीत ओता. पोरांच्या हाती लागू देऊ नका.)

लिंबाचं पाणी म्हणजे आपलं जठर. तिथला पीएच उपाशीपोटी एक ते साडेतीनच्या दरम्यान, म्हणजे भलतंच आंबट. लेप ज्या पॉलिमरचा केलेला असतो ते असल्या आंबट पाण्यात सुटत नाही. जठरातून गोळी लहान आतड्यात उतरली की आंबटपणा कमी होतो, पीएच साधारण साडेपाचच्या वर जातो, आणि मग लेप विरघळतो. सोड्याचं पाणी ही त्याची ढोबळ नक्कल.

डिस्प्रिन हीसुद्धा ॲस्पिरिनच. फरक असा की ती पाण्यात टाकली की फसफसून मिनिटभरात विरघळते, आणि तिच्यात औषध सव्वातीनशे-साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतं, म्हणजे पंच्याहत्तरच्या चार-साडेचार गोळ्यांइतकं. ती डोकेदुखीसाठी. "इको संपली होती, म्हणून आठवडाभर रोज एक डिस्प्रिन घेतली," असं सांगणारी माणसं मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतात. औषधाचं नाव एक म्हणून ते औषध एक, असं नसतं.

लेप काय करत नाही

आता जरा आत शिरू या.

ॲस्पिरिन पोटाला दोन वाटांनी त्रास देते. एक वाट सरळ आहे: तिचा आम्लधर्मी कण जठराच्या अस्तराला चिकटला की तिथे जळजळ. लेप अडवतो ती हीच वाट. दुसरी वाट रक्तातून येते. जठर रोज इतकं तीव्र आम्ल तयार करतं, तरी स्वतः भाजून निघत नाही, कारण त्याच्या अस्तरावर एक बुळबुळीत संरक्षक थर सतत बनत असतो. तो थर बनवायचा निरोप देणारी रसायनं असतात, प्रोस्टाग्लँडिन. ती तयार करणारं कॉक्स-१ नावाचं एन्झाइम ॲस्पिरिन बंद पाडते. ॲस्पिरिन काम कसं करते याचा हा उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली केला आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं.

म्हणजे गोळी आतड्यात विरघळो नाहीतर जठरात, औषध एकदा रक्तात मिसळलं की फिरून जठराच्या अस्तरापर्यंत पोचतंच. मागच्या दाराने. १९९६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. साधी ॲस्पिरिन, लेपाची ॲस्पिरिन आणि आम्ल मारणारे क्षार मिसळलेली ॲस्पिरिन, तिन्ही कमी मात्रेत घेणाऱ्यांमध्ये पोटात मोठा रक्तस्राव होण्याचा धोका त्यांनी तपासला. न घेणाऱ्यांच्या तुलनेत तिन्हींत तो साधारण अडीच ते तीन पट निघाला. लेपाने फरक पडला नव्हता. अलीकडे २०२१ साली ॲडाप्टेबल नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, पंधरा हजारांवर हृदयरुग्णांची. त्यातल्या माहितीवरून पुढे लेपाची आणि बिनलेपाची अशी तुलना केली गेली, तेव्हाही रक्तस्रावात ठळक फरक दिसला नाही.

मग लेप कशाला? जळजळ, मळमळ, गोळी नकोशी वाटणं यांत काहींना त्याने आराम पडतो, आणि जी गोळी वर्षानुवर्षं घ्यायची तिचा कंटाळा न येणं ही काही लहान गोष्ट नव्हे. पण लेप म्हणजे रक्तस्रावाचा विमा नाही. अल्सर होऊन गेलेला, वय सत्तरीपुढे, जोडीला स्टेरॉइड किंवा रक्त गोठू न देणारी दुसरी गोळी, असा माणूस असेल तर डॉक्टर बहुधा ॲस्पिरिनबरोबर पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी लिहून देतात. पोटाची खरी ढाल ती. "ती ॲसिडिटीची गोळी नको, मला ॲसिडिटी होतच नाही," असं म्हणून लोक चिठ्ठीतली नेमकी तीच वगळतात.

रक्त खरंच पातळ होतं का

नाही होत. ॲस्पिरिन घेणाऱ्याचं रक्त आणि न घेणाऱ्याचं रक्त दोन बाटल्यांत शेजारी ठेवलं तर ओळखू येणार नाही. बदलतो तो प्लेटलेटचा स्वभाव.

प्लेटलेट म्हणजे रक्तातले बारीक तुकडे. जखम दिसली की ते थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडून बाकीच्यांना हाका मारतात, सगळे एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजतं. बोट कापल्यावर हे हवंच. पण हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फुटला तरी त्यांना ती जखमच वाटते, तिथेही गर्दी होते आणि धमनीच बुजते. हार्ट अटॅक बहुतेक वेळा येतो तो असा.

ॲस्पिरिन प्लेटलेटची ही हाक बंद करते. थ्रॉम्बॉक्सेन बनवणाऱ्या एन्झाइमच्या कुलपात जणू लाखेचा थेंब टाकते, आणि लाख कायमची बसते. शरीरातली इतर पेशी नवं कुलूप घडवू शकते. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, त्यामुळे नवं घडवायचा नकाशा तिच्याकडे नाही. ती मुकी झाली ती मरेपर्यंत मुकी. तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, म्हणजे रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात. त्यांच्यासाठी रोजची ती बारीकशी गोळी.

एवढं नीट समजलं की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. ॲस्पिरिन रक्तात वीसेक मिनिटांतच निम्मी होते, तरी दिवसातून एकदाच का पुरते? कारण तिचं काम तिच्या मागे राहतं. एखादा दिवस गोळी चुकली तर आभाळ कोसळतं का? नाही. आठवली की घ्या. दुसऱ्या दिवशीच उजाडलं असेल तर त्या दिवसाची एकच घ्या, दोन घेऊन भरपाई करू नका. आणि "लग्नाला गावी गेलो होतो, आठवडाभर गोळ्या न्यायच्या राहिल्या" हे मात्र का चालत नाही? कारण तेवढ्या दिवसांत बहुतेक प्लेटलेट नव्याने बोलायला लागलेल्या असतात. ज्याच्या धमनीत स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेली आहे, त्यातही गेल्या काही महिन्यांत, त्याच्यासाठी हा आठवडा जिवावरचा ठरू शकतो.

दातांच्या बाबतीत हीच गल्लत होते. दाढ काढायची म्हणून लोक स्वतःच पाच दिवस आधी गोळी बंद करतात. एखाददुसऱ्या दाढेसाठी ॲस्पिरिन सहसा थांबवत नाहीत. दाबून धरलेल्या कापसाने रक्त थांबतं, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. डेंटिस्टला आधी सांगा आणि थांबवायची का हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. मोठ्या ऑपरेशनचं गणित वेगळं, तेही त्यांनीच मांडायचं.

साठी झाली म्हणून सुरू करायची गोळी नव्हे

हा भाग सगळ्यांत जास्त वाद घालावा लागणारा. माणूस ठणठणीत असतो. शेजारच्या दामल्यांना ब्लॉकेज निघालं म्हणून हा येतो आणि म्हणतो, "मीही एक इको सुरू करतो. स्वस्त आहे, नुकसान तर काही नाही ना?"

एके काळी डॉक्टरही असाच विचार करत. कॅलिफोर्नियात लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक डॉक्टर होते. टॉन्सिल काढलेले रुग्ण दुखतं म्हणून ॲस्पिरिनचं च्युइंगगम जास्त चघळले की त्यांना जास्त रक्त येतं, हे त्यांच्या लक्षात आलं. जे औषध रक्त थांबू देत नाही ते हृदयात रक्ताची गाठही होऊ देणार नाही, असा तर्क त्यांनी लढवला आणि आपल्या रुग्णांना ॲस्पिरिन सुरू केली. ही १९५०च्या आसपासची गोष्ट. तर्क बिनचूक होता, पण त्या काळी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. क्रेव्हन स्वतः १९५७ साली हार्ट अटॅकनेच गेले.

ज्याला अटॅक येऊन गेला आहे, स्टेंट किंवा बायपास झालं आहे, मेंदूत रक्ताची गाठ अडकून लकवा होऊन गेला आहे, त्याच्यासाठी ॲस्पिरिनचा फायदा पक्का आहे. तिथे पोटातल्या रक्तस्रावाचा धोका पत्करणं परवडतं, कारण दुसऱ्या पारड्यात दुसरा अटॅक असतो. ज्याला यातलं काहीच झालेलं नाही, त्याचं पारडं मात्र पुष्कळ हलकं निघालं. २०१८ साली ॲस्प्री चाचणीचे निकाल आले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ वयस्कर माणसं, बहुतेक सत्तरीपुढची, धडधाकट. निम्म्यांना लेपाची १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. जवळजवळ पाच वर्षांनी पाहिलं तर ॲस्पिरिनवाल्यांचं निरोगी आयुष्य वाढलं नव्हतं. मोठा रक्तस्राव मात्र १०० पैकी ३.८ जणांना झाला होता, बिनऔषधवाल्यांत २.८ जणांना.

मधुमेह असलेल्यांचं काय? त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ॲसेंड चाचणीने १५,४८० मधुमेही तपासले. अटॅक-लकवा वगैरे ९.६ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले आणि मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेला. इकडे जवळपास जेवढं मिळालं, तेवढंच तिकडे गेलं. २०२२पासून अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञमंडळाचं म्हणणं असं, की हृदयाचा आजार नसलेल्याने साठीनंतर ही गोळी नव्याने सुरू करू नये, आणि चाळीस ते साठच्या दरम्यान डॉक्टरांनी माणूस बघून ठरवावं. दामल्यांची गोळी दामल्यांची. पण हे वाचून कुणी चालू गोळी परस्पर बंदही करू नका. डॉक्टरांनी ती का दिली होती, हे आधी त्यांना विचारा.

बीपी ताब्यात नसलेल्या माणसाने तर हा स्वस्तातला उद्योग अजिबात करू नये. मेंदूत रक्तस्राव झाला तर तो थांबायला याच प्लेटलेट लागतात.

घ्यायची कशी

अख्खी, पाण्याबरोबर, रोज साधारण एकाच वेळी. मोडायची नाही, कुटायची नाही, एरवी चावायची नाही. सकाळी की रात्री यावर बराच खल झालाय, पण चुकत नाही ती वेळ चांगली. चिठ्ठीवर जेवणानंतर लिहिलं असेल तर जेवणानंतर. जड जेवणावर घेतली तर लेपाची गोळी जठरात काही तास नुसती पडून राहू शकते आणि उशिरा विरघळते, पण रोजच्या गोळीला दोन-चार तासांनी फरक पडत नाही.

जेलुसिल, डायजिन, सोडा, इनो यांच्यासोबत मात्र ही गोळी घेऊ नका. वरचे दोन पेले आठवा. अँटासिडने जठरातलं पाणी सोड्याच्या पेल्यासारखं केलं तर लेप तिथेच सुटतो. मध्ये दोन तास जाऊ द्या. पॅन्टोप्राझोल डॉक्टरांनी दिली असेल तर तिची धास्ती नको. तिनेही आम्ल घटतं, पण आम्ल घटलं म्हणजे जठराला जपणूकही आलीच.

आता कॉम्बिफ्लॅम. गुडघे दुखले, पाठ धरली की आपल्याकडे हात तिच्याकडेच जातो. तिच्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल असतं. आयबुप्रोफेन त्याच कुलपाच्या तोंडाशी येऊन बसतं. लाख लावत नाही, नुसतं काही तास बसतं. तेवढ्यात ॲस्पिरिन येते, तिला आत जायला वाट मिळत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत तीच रक्तातून संपत जाते. मग आयबुप्रोफेन उठून निघून जातं आणि कुलूप पुन्हा मोकळं. त्या दिवसाची ॲस्पिरिन घेतली आणि न घेतली सारखीच. वर पोटाला दोघींचा त्रास. साध्या ॲस्पिरिनसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली असं सांगितलं, की ॲस्पिरिननंतर निदान अर्धा तास थांबून आयबुप्रोफेन घ्यावं, किंवा ते ॲस्पिरिनच्या आठ तासांहून आधी घ्यावं. लेपाच्या गोळीला असं घड्याळ लावून देता आलं नाही, कारण ती नेमकी कधी विरघळेल याचा भरवसा नसतो. म्हणून सोपं तेच करा: रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने अंगदुखीला नुसतं पॅरासिटामॉल घ्यावं, आणि त्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारावं. डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन या दुखण्यावरच्या इतर गोळ्यांचंही स्वतःच्या मनाने काही करू नये.

आणखी एक घोळ मी आठवड्याला एकदा तरी पकडतो. इकोस्प्रिन एव्ही या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिनच्या जोडीला कोलेस्टेरॉलची गोळी असते. गोल्ड म्हणून येते तिच्यात त्या दोन्ही आणि वर क्लोपिडोग्रेल, म्हणजे प्लेटलेट चिकटू न देणारं आणखी एक औषध. हॉस्पिटलातून सुटताना चिठ्ठीवर गोल्ड लिहिलेली असते, घरी जुनी साधी इको चालूच असते, आणि माणूस दोन्ही घेत राहतो. शहरातला डॉक्टर वेगळा, गावातला वेगळा. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून जो डॉक्टर समोर आहे त्याला दाखवा. नावं पाठ करायची गरज नाही.

कोकणात पावसाळ्यात तर गोळ्या पट्टीतून काढून वारांच्या डबीत भरून ठेवूच नका, निदान पंधरा-पंधरा दिवसांच्या. दमट हवेत ॲस्पिरिन हळूहळू फुटते, आणि फुटली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल निघतं, म्हणजेच व्हिनेगरमधलं आम्ल. डबी उघडल्यावर लोणच्यासारखा आंबूस वास आला तर त्या गोळ्या फेकून द्या. शेगडीजवळचं फडताळ आणि बाथरूमचं कपाट या दोन्ही जागा औषधासाठी वाईट.

सोळा वर्षांखालच्या मुलाला तापात ॲस्पिरिन द्यायची नाही. फ्लू किंवा कांजण्यांत तिने रेज सिंड्रोम नावाचा, यकृत आणि मेंदूवर जाणारा आजार होऊ शकतो, दुर्मीळ पण जीवघेणा. डेंग्यूची साथ असताना मोठ्यांनीही तापावर डिस्प्रिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, पॅरासिटामॉलच. स्टेंटवाल्याला डेंग्यू झाला तर रोजची इको चालू ठेवायची की थांबवायची हे प्लेटलेटचा आकडा पाहून डॉक्टरच सांगतील, घरच्यांनी ठरवायचं नाही. दमा असलेल्या काहींना, विशेषतः नाकात मांस वाढलेल्यांना, ॲस्पिरिनने जोराचा दमा उठतो. एकदा तसं झालं असेल तर ते प्रत्येक डॉक्टरला सांगा. गरोदर बाईला बीपी वाढण्याचा धोका असेल तर डॉक्टर कमी मात्रेत हीच गोळी मुद्दाम सुरू करतात, सहसा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. तेव्हा "गरोदरपणी रक्ताची गोळी कशाला" म्हणून सासूबाईंनी ती बंद करू नये.

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होत असेल, उलटीत कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण हा फरक घरी बसून ठरवण्यात वेळ घालवू नका.

चावायची कधी

छातीच्या मध्यावर दडपण, ते डाव्या हातात किंवा जबड्यात जातंय, दरदरून घाम. पहिलं काम १०८ला फोन. त्यानंतर, ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, कुठून रक्त जात नसेल आणि डॉक्टरांनी ही गोळी वर्ज्य सांगितलेली नसेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून खायची. १०८वरच्या माणसाने दुसरं काही सांगितलं तर त्याचं ऐकायचं.

इथे सगळे नियम उलटतात. वर्षभर ज्या सालाला जपलं ते आता दातांनी फोडायचं. अख्खी गिळली तर लेपाची गोळी काम सुरू करायला काही तास घेईल, आणि एवढा वेळ हृदयाच्या स्नायूकडे नसतो. १९९९ साली अमेरिकेत निरोगी माणसांना बिनलेपाची ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन मोजलं. थ्रॉम्बॉक्सेन निम्म्यावर यायला चावून घेतल्यास ५ मिनिटं लागली, तीच गोळी अख्खी गिळल्यावर १२. घरात डिस्प्रिन असली तर एक चावा किंवा थोड्या पाण्यात विरघळवून प्या. इकोस्प्रिन ७५च असली तर चार चावा, कडू लागल्या तरी नीट बारीक करा. १९८८ सालच्या आयसिस-२ या प्रचंड चाचणीत, १७,१८७ रुग्णांची होती ती, गोळी लेपाचीच वापरली होती. पण पहिली गोळी फोडून, चघळून किंवा चावूनच घ्यायला लावली होती. महिनाभर दिलेल्या त्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू जवळपास चौथ्या हिश्शाने घटले.

सॉर्बिट्रेट ही हृदयाच्या छातीदुखीवरची वेगळी गोळी, ती जिभेखाली ठेवतात. गडबडीत लोक इको जिभेखाली ठेवतात आणि सॉर्बिट्रेट चावतात. सॉर्बिट्रेटने बीपी एकदम खाली येतं, म्हणून ती डॉक्टरांनी ज्याला दिली आहे त्यानेच घ्यायची.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मात्र ॲस्पिरिन द्यायची नाही. लकवा गाठीने होतो तसा रक्तस्रावानेही होतो, आणि सीटी स्कॅन केल्याशिवाय तो कुठला ते कुणालाच सांगता येत नाही. शिवाय अशा माणसाला गिळता येईलच याची खात्री नसते. तिथे नुसतं १०८, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लिहून ठेवायची.

त्या काकांनी डॉक्टरांना फोन लावून तुकडे आणि आग दोन्ही सांगितलं. डॉक्टरांनी तपासायला बोलावलं, पोटाची गोळी लिहिली, पंच्याहत्तरची अख्खी घ्यायला सांगितली. तुकड्यांची पुडी मी ठेवून घेतली. महिन्याने काका काकूंना घेऊनच आले. काकूंनी पिशवीतून कॅलेंडर काढलं, जुलैच्या पानामागे पेनाने लिहिलेलं: छातीत दुखलं तर १०८. मग पंच्याहत्तरच्या चार, चावून. खाली कंसात, डॉक्टरांना विचारलंय.

"चावायच्या म्हणजे कवळी बसवून की काढून?" काकूंनी विचारलं. कवळी काढलेली असली तर दोन चमच्यांत चुरा, तो तोंडात टाका, वर घोटभर पाणी, मी म्हटलं. काकूंनी माझंच पेन घेतलं आणि काउंटरवर कॅलेंडर पसरून तेवढं खाली लिहून घेतलं.